सुटल्यानंतरचे वर्ष

पोरगा नशेत असतो तेव्हा सगळे घर एकच दुआ मागते, याची नशा सुटू दे. मग ती सुटते. महिना-दीड महिना व्यसनमुक्ती केंद्रात काढून तो घरी येतो. अम्मी सदका देते. अब्बा बऱ्याच दिवसांनी मोहल्ल्यात मान वर करून चालतात. आणि दोन-तीन महिन्यांत एक वेगळीच तक्रार सुरू होते. तो दुपारपर्यंत लोळत पडतो. काही विचारले तर "हं" एवढेच उत्तर. आवडीची बिर्याणी केली तरी अर्धे ताट टाकून उठतो. भाच्याला कडेवर घेतो, पण चेहऱ्यावर हसू नाही. दुकानावर बसवले तर तासाभरात उठून जातो. मग घरातले म्हणू लागतात, "पुडी घेत नाही हे खरे, पण हा सुधारलेला नाही. याने मनापासून तौबा केलेलीच नाही."

शाळेत शिकवत असल्यामुळे अशी घरे आम्हाला जवळून दिसतात. कधी तो एखाद्या विद्यार्थिनीचा भाऊ असतो, कधी दोन वर्षांपूर्वी दाखला घेऊन गेलेला आमचाच विद्यार्थी. नशा करणारा मुलगा ओळखायचा कसा, यावर पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. नशा सोडलेल्या मुलाला समजून कसे घ्यायचे, यावर मात्र घरात कोणी बोलत नाही. म्हणून या महिन्यात त्याबद्दलच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उत्तेजक नशा थांबल्यानंतर जे सुस्त, बेचव दिवस येतात, ते आजाराचेच उरलेले दिवस असतात. मेंदूत झालेली झीज बरीचशी भरून येते, पण तिला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. आणि नेमक्या याच महिन्यांत घरातले मोठे लोक घाईघाईने असे निर्णय घेतात, ज्यांची किंमत मुलाला आणि कधी कधी दुसऱ्याच्या लेकीलाही मोजावी लागते.

ही पुडी कसली?

आपल्याकडे सध्या ज्या नशेचे नाव वारंवार कानावर येते ती म्हणजे एमडी, अर्थात मेफेड्रोन. 'म्याव म्याव' हे तिचेच दुसरे नाव. पांढरी भुकटी किंवा बारीक खडे, लहानशा प्लास्टिकच्या पुडीत. येमेन, इथिओपिया, सोमालिया या देशांत 'खात' नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळतात (आपल्या विड्यातला कात वेगळा). त्या पानांत कॅथिनोन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. मेफेड्रोन त्याच कुळातले, पण पानाशी काही संबंध न ठेवता रसायनांपासून बनवलेले. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत नव्हते. आज ते आपल्याच राज्यात बनते. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडीच्या कारखान्यांवर छापे घातले.

पहिली पुडी बहुधा दोस्ताकडून येते आणि फुकट येते. "झोप येत नाही, थकवा जातो, रात्रभर काम होते," असे सांगितले जाते. परीक्षेच्या रात्री, रात्रपाळीत, मित्राच्या हळदीच्या डीजेत तिची गाठ पडते. मुलीही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांची गोष्ट घरात जास्त दाबली जाते, एवढाच फरक. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन आणि 'क्रिस्टल' म्हणून विकले जाणारे मेथॅम्फेटामाइन ही याच उत्तेजक गटातली मंडळी.

मालेगावसारख्या ठिकाणी 'कुत्ता गोळी' म्हणून जी विकली जाते, ती मात्र वेगळ्या गटातली. ते अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करणारे आणि झोप आणणारे औषध. ती गोळी रोज खाणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. तिथे "उद्यापासून बंद" हा हट्ट धरू नये, डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू कमी करावी. घरात कोणती नशा आहे, हे म्हणूनच आधी नीट कळले पाहिजे.

सर्पगंधा आणि सशाचे कान

उत्तेजक नशेचा सगळा खेळ मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाशी चालतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्याला 'आनंदाचे रसायन' म्हणून प्रसिद्ध केले आहे. ते अर्धेच खरे आहे. डोपामाइनचे काम कळायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते, आणि तिचे एक टोक आपल्या मुंबईत आहे.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय मासिकात लेख लिहून दाखवून दिले की तिच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. पुढे तिच्यातून रिझर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी रिझर्पिन सशांना दिले. ससे जागच्या जागी बसून राहिले. डोळे अर्धवट मिटलेले, कान लोंबलेले. हलावे अशी इच्छाच जणू विझली. मग कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा दिले, ज्यापासून शरीर डोपामाइन बनवते. थोड्याच वेळात सशांचे कान ताठ झाले आणि ते हिंडू-फिरू लागले. रिझर्पिनने मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा केला होता, एल-डोपाने तो भरला. या शोधाची पुढची वाट कंपवाताच्या औषधापर्यंत गेली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

दुपारी बारापर्यंत अंथरुणावर पडलेला, हाक मारली तरी न उठणारा मुलगा पाहिला की आम्हाला ते ससे आठवतात. मुलाचा डोपामाइन सशांसारखा पार रिकामा झालेला नसतो. पण 'उठावे, काही करावे' हा जो आतून येणारा धक्का असतो, तो याच रसायनाच्या जोरावर येतो. त्याचीच यंत्रणा बिघडलेली असेल तर "जरा मनावर घे" हे सांगणे त्याला ऐकू येते, पण मनावर घेण्याचे जे साधन तेच कमजोर असते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवर जे पाहिले तेही इथे जोडून पाहावे. ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामाइन जवळजवळ उरलेले नव्हते, ते समोरचे अन्न खायला जात नसत. पण साखरपाणी थेट तोंडात सोडले तर इतर उंदरांसारखेच मिटक्या मारत. म्हणजे गोडी लागत होती, गोडीकडे जाण्याची ओढ मेली होती. मजा वेगळी आणि ओढ वेगळी, हे यातून पुढे आले. आपल्या मराठीत त्या ओढीच्या बिघडलेल्या रूपाला नेमका शब्द आहे, तलफ. नशेत मजा दिवसेंदिवस आटत जाते आणि तलफ वाढत जाते. "मजा येत नाही म्हणतोस, मग घेतोस कशाला?" हा अब्बांचा प्रश्न आणि त्यावर मुलाची मान खाली, याचे कारण इथे आहे.

अजान आणि खजूर

डोपामाइन कधी जागे होते, हे रमजानात प्रत्येक घराने अनुभवलेले आहे. दस्तरखान मांडलेला आहे, खजूर हातात आहे, अजून तोंडात काही गेलेले नाही. मगरिबच्या अजानचा पहिला आवाज आला आणि जिवात जीव आला. पोटात कण नाही, तरी अंगात तरतरी. मेंदूने आवाज आणि खजूर यांची गाठ बांधलेली असते.

१९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूत हे मोजले. अनपेक्षित फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळत. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवली, की काही दिवसांनी त्या पेशी रसावर उसळेनाशा होत, खुणेवरच उसळत. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर ऐन रसाच्या वेळी त्या पेशी नेहमीपेक्षाही गप्प होत. डोपामाइन म्हणजे शिकवणारे रसायन. कशाच्या मागे जायचे, कोणती खूण ध्यानात ठेवायची, हे ते मेंदूला शिकवते. मूल अक्षर गिरवते, बाईंची शाबासकी मिळते, उद्या पुन्हा पाटी काढते, यातही तेच आहे.

नशा या शिकवणीच्या यंत्रात शिरते. म्हणून तिला विसरणे एवढे अवघड.

घंटा थांबवणारा हात

यंत्र बिघडते कसे, ते वर्गात सांगतो तसे सांगतो. आमच्या शाळेत अजून पितळेची जाड घंटा आहे. शिपाई चाचा टोला देतात आणि लगेच तळहात टेकवून तिची घुमघुम थांबवतात. टोला पोहोचला, काम झाले, आवाज बंद. मेंदूतही असेच चालते. एक पेशी डोपामाइन सोडते, शेजारच्या पेशीवरचे ग्राहक ते टिपतात, म्हणजे त्यांच्या कानावर टोला पडतो. मग पहिल्याच पेशीवरचे वाहक ते डोपामाइन उचलून पुन्हा आत घेतात. तो झाला थांबवणारा तळहात.

कोकेन हा तळहात धरून ठेवते. टोला एकच, पण घुमत राहतो. अ‍ॅम्फेटामाइन, मेथॅम्फेटामाइन आणि आपली एमडी याच्या पुढे जातात. त्या या वाहकाच्याच वाटेने पेशीत शिरतात आणि वाहकाला उलटे चालवतात. डोपामाइन आत घेणारा आता ते बाहेर ओतू लागतो. म्हणजे घंटा थांबवणारा हातच टोल्यावर टोले देऊ लागतो. उंदरांवरच्या मोजणीत चांगल्या खाण्याने डोपामाइन साधारण दीडपट झाले, कोकेनने तिपटीच्या वर गेले आणि अ‍ॅम्फेटामाइनने दहापटीच्या आसपास. ईदच्या शिरखुर्म्याने, परीक्षेच्या निकालाने, आईच्या हाताने ही उंची गाठता येणार नाही. ती गाठण्यासाठी मेंदू बनलेलाच नाही.

दिवसभर कोणी कानाशी घंटा बडवत बसले तर वर्गातली मुले काय करतील? खिडक्या लावून घेतील. मेंदूही तेच करतो. डोपामाइन टिपणारे ग्राहक कमी होतात. अमेरिकेतल्या नोरा वोल्कोव यांनी मेंदूच्या चित्रणातून कोकेन घेणाऱ्यांत आणि नंतर मेथॅम्फेटामाइन घेणाऱ्यांत हे ग्राहक कमी झालेले दाखवले. २००१ साली त्यांच्या गटाने मेथॅम्फेटामाइन सोडलेल्या १५ जणांची तुलना नशा न करणाऱ्या १८ जणांशी केली. सोडलेल्यांच्या मेंदूत डोपामाइनचे वाहक एका भागात सुमारे २८ टक्के आणि दुसऱ्या भागात सुमारे २१ टक्के कमी भरले. ज्यांचे वाहक जास्त घटले होते, त्यांच्या हालचाली जास्त मंद आणि स्मरण जास्त कच्चे होते.

आता पुडी बंद झाली आहे. बडवणारी घंटा थांबली, पण खिडक्या अजून लावलेल्याच आहेत. साध्या घंटेचा आवाज आत पोहोचतच नाही. अम्मीची बिर्याणी, गल्लीतले क्रिकेट, भाच्याचे बोबडे बोल हे सगळे साधे टोले. मुलाला ते कळतात, पण लागत नाहीत. तो कृतघ्न झालेला नाही. खिडक्या उघडायच्या आहेत.

उघडतात का?

बऱ्याच उघडतात. त्याच वर्षी वोल्कोव यांच्या गटाने पाच जणांचे चित्रण दोनदा केले. पहिल्यांदा नशा सोडून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, आणि नंतर १२ ते १७ महिने नशेपासून दूर राहिल्यावर. दुसऱ्या वेळी वाहकांची संख्या एका भागात १९ टक्के आणि दुसऱ्यात १६ टक्के वाढली होती. मात्र स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी ठळक सुधारणा दिसली नाही. पाच माणसांवरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. तरी घरातल्या माणसांनी दोन गोष्टी मनाशी धराव्यात. झीज भरून येऊ लागते ही पहिली. ती चाळीस दिवसांत भरत नाही आणि भरली तरी वागण्या-बोलण्यात उशिरा दिसते, ही दुसरी.

यात वयाचाही भाग आहे. स्वतःला आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. सतराव्या वर्षी नशेत गेलेल्या मुलाचा लगाम अजून तयारच होत होता. त्याच्याकडून तिशीतल्या माणसाचा संयम मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शिवाय तलफ सरळ रेषेत उतरत नाही. २००१ मध्येच उंदरांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले की कोकेन बंद केल्यावर खुणेला पाहून होणारी धडपड पहिल्या आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढत गेली, दोन महिन्यांपर्यंत. माणसांतही जुना रस्ता, जुना दोस्त, पुडीसारखी दिसणारी एखादी पिशवी, पगाराचा दिवस अशी खूण अचानक पेट घेते. "आता तर दोन महिने झाले, आता काय भीती," असे घर म्हणते तेव्हाच भीती जास्त असते.

याच वर्षात होणाऱ्या चुका

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे निकाह. "लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल." हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे की आता त्याची चीड येते. ज्या मुलाला सध्या स्वतःच्या आंघोळीची ओढ नाही, त्याच्या गळ्यात संसार घालायचा आणि त्याचे ओझे एका अनोळखी मुलीने उचलायचे. तिच्या घरच्यांना खरे सांगितलेले नसते. वर्षभरात ती माहेरी परतते, दागिने विकलेले असतात, आणि बोल तिलाच लागतो की तिला नवरा सांभाळता आला नाही. बायको हे औषध नाही. निदान एक वर्ष पूर्ण नशामुक्त जाऊ द्यावे, आणि नंतरही मुलीकडच्यांपासून काही लपवू नये.

दुसरी चूक, आखातात पाठवणे. मामा आहे, व्हिसा निघतो, दोस्त सुटतील. पण तिथे अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत, मुलगा एकटा आहे, रात्री मोकळ्या आहेत आणि तलफेचे ते महिने अजून संपलेले नाहीत. घसरला तर सावरायला कोणी जवळ नाही.

तिसरी गोष्ट जरा जपून सांगतो. मुलाला चाळीस दिवसांसाठी जमातीत पाठवले जाते. जुन्या गल्लीपासून दूर, वेळेवर झोप, वेळेवर जेवण, चांगली सोबत, याचा फायदा होतोच. पण घर समजते की चिल्ला पूर्ण झाला म्हणजे आजार संपला. धोका परतण्याच्या दिवशी असतो, कारण खुणा इथेच त्याची वाट पाहत असतात. जाण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, औषधे सुरू असतील तर ती तिथेही सुरू ठेवावीत, आणि परतल्यावरचे पहिले दोन आठवडे कसे जाणार हे आधीच ठरवावे.

चौथी, मारहाण आणि साखळी. बाहेरची बाधा समजून मुलाला कुठे बांधून ठेवणे, किंवा परवाना नसलेल्या 'केंद्रा'त कोंडणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आजारांतच मोडतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याची बंदी आहे.

आणि पाचवी, रोजचे टोमणे. "तुझ्या पायी बहिणीचे स्थळ मोडले." ते खरे असेलही. पण ज्या मेंदूला सध्या चांगल्याची चव कळत नाही, त्याला वाइटाची पुरेपूर कळते.

मग करायचे काय?

उत्तेजक नशेची तलफ मारणारी खात्रीची गोळी अजून बाजारात नाही. कोणी तशी विकत असेल तर पैसे वाचवा. मनोविकारतज्ज्ञ उदासी, झोप, संशय यांवर औषधे देतात आणि ती घेतली पाहिजेत. मुख्य उपचार मात्र समुपदेशन आणि दिनक्रम हाच. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आजही काम करते.

घाम गाळू द्यावा. अमेरिकेत मेथॅम्फेटामाइन सोडलेल्या १९ जणांवर एक प्रयोग झाला. १० जणांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम केला. नऊ जणांनी त्या वेळात आरोग्यावरची माहिती ऐकली. व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूत डोपामाइनचे ग्राहक सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्यांचे फारसे हलले नाहीत. व्यायामशाळेची फी परवडत नसेल तर फजरनंतर अब्बांनी त्याला घेऊन तासभर भरभर चालावे. तो एकटा उठणार नाही, हे आपण वर पाहिले. त्याच्यासाठी आपल्याला उठावे लागेल.

मोठी आमिषे दाखवू नयेत. "वर्षभर नीट राहिलास तर बाइक" हे त्याच्या मेंदूला ऐकू जात नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर उलटा मार्ग वापरला. लघवीची तपासणी नशामुक्त आली की त्याच वेळी छोटे कूपन, ज्यातून गरजेची वस्तू घेता येईल. उत्तेजक नशेवर हाच मार्ग आजवर सगळ्यात परिणामकारक ठरला आहे. घरात याचे रूप साधे करावे. लहान काम, लगेच शाबासकी. आज दुकानाचे शटर वेळेवर उघडले, तर संध्याकाळी त्याच्या आवडीचा चहा आणि चार चांगले शब्द. कबूल केलेले मात्र चुकवू नये. रस न मिळालेल्या माकडांची गोष्ट लक्षात आहे ना?

खुणा दूर कराव्यात. मोबाइल नंबर बदलावा, रोख रक्कम हातात देऊ नये, कामाचा रस्ता बदलावा. हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने करावे. पाळत ठेवतो आहोत असे वाटले की तो चोरवाट शोधतो. झोपेची वेळ पक्की असावी.

आणि तो एकदा घसरला तर? या आजारात असे होते. त्या रात्री घराबाहेर काढू नये. दुसऱ्या दिवशी केंद्रात न्यावे. चार महिन्यांची भरपाई एका रात्रीत शून्य होत नाही. ती शून्य झाली असे आपण त्याला सांगितले, तर मात्र तो परत फिरत नाही.

काही लक्षणांत थांबू नये. "जगून काय करू" असे बोलणे, कोणी मागावर आहे असा संशय, नसलेले आवाज ऐकू येणे, यांत त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि तोपर्यंत त्याला एकटे सोडू नये. नशेनंतर छातीत दुखणे किंवा अंग तापून बडबड करणे, यात थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे डॉक्टरांकडेच जात नाहीत. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कलम ६४अ ची माहिती त्यांनी करून घ्यावी. नशा करण्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद त्यात आहे. विकणाऱ्याला ही सूट नाही. वकिलाला विचारताना कलमाचा आकडा सांगावा.

दोन फोन नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस' १४४१६. दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत. फोन अम्मीने केला तरी चालतो, मुलाला आधी राजी करण्याची अट नाही.

सब्र हा शब्द आपल्या घरांत रोज येतो, बहुधा सोसण्याच्या अर्थाने. या वर्षी त्याचा अर्थ कामाचा घ्यावा. सकाळी सोबत चालणे, संध्याकाळी चार चांगले शब्द, निकाहाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना ठाम नकार, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा पाने उलटेपर्यंत हाच क्रम. एखाद्या दिवशी तो स्वतःहून म्हणेल, "अम्मी, आज सालन झकास झालंय." त्या दिवशी आश्चर्य दाखवू नका. आणखी एक वाटी वाढा.

पुढच्या अंकात दहावीच्या मुलांच्या झोपेबद्दल बोलू.